पुण्याहून वऱ्हाडात: उन्हाळ्यातील कामाच्या दौऱ्याची तयारी

पीक सर्वेक्षण, ठिबक संचांची तपासणी, कर्जप्रकरणांची पाहणी अशा कामांसाठी पुण्यातील कार्यालयांतून दर उन्हाळ्यात कोणाला तरी अकोट, तेल्हारा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडे जावेच लागते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश सहलीला जाणाऱ्यांच्या यादीत नसतो; मेळघाटात निघालेले लोकही तो गाडीच्या काचेतूनच पाहतात. येथे काम नीट व्हावे असे वाटत असेल, तर दौऱ्याचे वेळापत्रक कार्यालयाच्या घड्याळावर न आखता उन्हाकडे पाहून आखावे. बाकीची तयारी त्यानंतरची.

नकाशावर गावे सात-आठ किलोमीटरच्या अंतराने दिसतात आणि वाटेत एकही घाट नसतो, त्यामुळे पुण्यात बसून दिवसाला सहा गावांचा कार्यक्रम आखण्याचा मोह वरिष्ठांना होतो. तो कार्यक्रम निघण्यापूर्वीच नम्रपणे परत करावा आणि दिवसाला दोन, फार तर तीन गावे मान्य करून घ्यावीत. मे महिन्यात शेतकरी पहाटे वावरात जातो, वखरणी किंवा धसकटे वेचण्याचे काम उरकून अकराच्या आत घरी परततो आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर पडत नाही. म्हणून शेतातील पाहणी सकाळी साडेसहा ते साडेदहा या वेळात करावी, दुपारी बँक, तहसील आणि कृषी कार्यालयातील कागदपत्रे पाहावीत, आणि गावातील बैठक सायंकाळी साडेपाचनंतर ठेवावी. दुकान दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्या पुणेकरांची थट्टा महाराष्ट्रभर होते. त्या प्रथेतील शहाणपण अकोल्याच्या दुपारी पटते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारी सरकारी काम ठेवू नये. गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो आणि त्या आठवड्यात लग्नाची दाट तिथी आहे का, हे फोनवर आधीच विचारावे, कारण त्या दिवशी गावात भेटायला कोणी उरत नाही.

प्रवास सोपा आहे. पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून सुटते आणि दौंड, मनमाड, भुसावळमार्गे अकोल्याला जाते. रात्र गाडीत निघून जाते. स्वतःच्या चारचाकीने जाऊन समृद्धी महामार्ग घेणार असाल, तर टायरांचे वय आणि हवेचा दाब आधी तपासून घ्यावा, कारण तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने धावताना जुना टायर फुटण्याचा धोका वाढतो. गावांसाठी एसटीवर विसंबू नये. मुक्कामी गाडी रात्री गावात जाते आणि सकाळी तालुक्याकडे परतते, म्हणजे आपल्या नेमक्या उलट दिशेने. स्थानिक चालकासह गाडी भाड्याने घेणे परवडते. त्याला शेतापर्यंत जाणारे पाणंद रस्ते ठाऊक असतात आणि सर्व वाटा सारख्याच दिसणाऱ्या या मुलखात पाण्याच्या टाकीवरून गाव कसे ओळखायचे, हेही तोच सांगतो.

मुक्काम शक्यतो तालुक्याच्या गावी करावा, नाहीतर सकाळचा थंड तास रस्त्यातच जातो. लॉजवर खोली घेताना कूलर खिडकीत बसवलेला आहे का, हे पाहावे. पुण्याचा माणूस एसीच्या सवयीने दारे-खिडक्या गच्च लावून घेतो. मग ओलसर हवा खोलीतच कोंडते आणि मध्यरात्री अंगाला चिकचिक सुरू होते. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळावी लागते आणि खोलीतील हवेला बाहेर पडायला समोरची एखादी खिडकी किंचित उघडी लागते. कूलरच्या गवतावर पांढरा थर जमलेला दिसला, तर तो बोअरच्या पाण्यातील क्षारांचा असतो.

हे क्षार हाच या दौऱ्यातील सर्वांत मोठा मुद्दा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेकाठचा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारट असते, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि पिण्याचे पाणी दूरवरून नळयोजनेने आणावे लागते. अशा गावात कोणी तांब्याभर पाणी पुढे केले, तर ते त्या घराने जपून साठवलेले गोडे पाणी असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे घोटभर घ्यावे, पण दिवसभराची तहान त्यावर भागवू नये. प्रत्येकी पाच लिटर पाणी रोज गाडीत असावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर गोड्या पाण्यातच मिसळावे. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळले, तर मिठाचे प्रमाण बिघडते आणि औषधाचा अपायच होतो.

कपडे सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. डोके व कान झाकणारा मोठा रुमाल टोपीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. खिशात कांदा ठेवण्याचा सल्ला हमखास मिळेल. ठेवावा, त्याने काही बिघडत नाही, मात्र सावली आणि पाणी यांची जागा कांदा घेऊ शकत नाही. सहकाऱ्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा: त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

फोन आणि टॅबलेट यांचाही येथे कस लागतो. अनेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात येथे पारा ४२-४४ अंशांवर सहज जातो. डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि त्याबरोबर नकाशाही जातो. माहिती भरण्यासाठी कागदी नमुने जवळ असावेत, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि लॅपटॉप बंद गाडीत कधीही सोडू नये.

गावात गेल्यावर थेट प्रश्नावली उघडू नये. वडीलधाऱ्यांना काका किंवा भाऊ म्हणून ओसरीवर बसावे, चहा घ्यावा, यंदा कपाशीला काय भाव मिळाला ते ऐकावे; त्या दहा मिनिटांत जे कळते ते नमुन्यातील रकान्यांत बसत नाही, पण अहवाल लिहिताना तेच कामी येते. रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे आमंत्रण मिळाले, तर ते सायंकाळचे स्वीकारावे. दुपारच्या त्या जेवणानंतर पुढचे काम होत नाही.

काम अर्धवट राहिले, तर उरलेली गावे जूनच्या मध्यावर ढकलू नयेत. मृगाचा पाऊस पडला की ही काळी माती चाकांना आणि बुटांना अशी धरते की पाणंदीतून गाडी निघत नाही, आणि शेतकरी पेरणीत गुंतल्यामुळे त्याला बोलायला सवड नसते. राहिलेली पाहणी दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवावी आणि तसे कार्यालयाला आताच लेखी कळवावे.