खड्ड्याचा फोटो नको, एमबी मागा: रस्त्याच्या कामावर माहिती अधिकाराचा अर्ज

जून लागला की खड्ड्यांचे फोटो फिरायला लागतात. आमदारांना टॅग करा, पालिकेला टॅग करा, ‘आपले सरकार’वर तक्रार टाका, शेवटी ‘संबंधित विभागास कळविण्यात आले आहे’ एवढ्या ओळीवर ती निकाली निघते. तक्रार निकाली काढायला कार्यालयाला काहीच खर्च येत नाही. अडचण होते ती सही केलेला कागद बाहेर जायची वेळ आली की. रस्त्याच्या कामात असा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, म्हणजेच एमबी. तिच्यावर बिल निघतं, आणि तिच्यावर अभियंत्याची सही असते. ती माहिती अधिकाराच्या अर्जाने मागायची.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. निम्मे अर्ज इथेच भरकटतात. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, शहरातले अंतर्गत रस्ते पालिकेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर कडेला फलक असतो. ठेकेदाराचं नाव आणि देखभालीचा काळ त्यावरच वाचायला मिळतो. तरी चुकलंच तर घाबरायचं कारण नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे. ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ म्हणून अर्ज परत करता येत नाही.

आता मजकूर. ‘रस्ता एवढ्यात का उखडला?’, ‘जबाबदार कोण?’, ‘कारवाई केव्हा करणार?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ आणि ते कायद्याला धरूनच असतं. अभिलेखात जे आहे तेवढंच मिळतं. मत किंवा खुलासा मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. संताप अर्जात ओतला की सुटका त्यांची होते, म्हणून तो बाजूला ठेवून कागदांची नावं लिहायची.

महाराष्ट्राच्या 2012 च्या दुरुस्तीने आणखी दोन अटी घातल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण 150 शब्दांत. नागरिकाला शब्द मोजायला लावणारं सरकार स्वतःच्या परिपत्रकांना ही अट लावत नाही, पण आपण पाळायची. एक रस्ता, एक काम, एक अर्ज. जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात मजकूर असा चालतो (साखळी क्रमांक म्हणजे रस्त्यावरचं किलोमीटर-मीटरमधलं अंतर):

“______ ते ______ रस्ता, साखळी क्रमांक 2/000 ते 3/000, सन ______ मधील डांबरीकरणाच्या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: 1) प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी व अंदाजपत्रक 2) कार्यारंभ आदेश 3) मोजमाप पुस्तिकेची संबंधित सर्व पृष्ठे 4) अदा केलेली देयके 5) गुण नियंत्रण चाचणी अहवाल व डांबर खरेदीची चलने 6) काम पूर्णत्वाचा दाखला 7) निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट. प्रती घेण्यापूर्वी कलम 2(जे) नुसार मूळ नस्तीची पाहणी करू द्यावी.”

कालावधी नेमका लिहा. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामे’ मागितलीत तर कलम 7(9) दाखवून ‘माहिती विस्तृत आहे, समक्ष येऊन पाहा’ असं पत्र येईल. माहिती कशासाठी हवी, हे लिहू नका. कलम 6(2) मुळे कारण विचारायचा अधिकारच त्यांना नाही. अर्ज स्वतःच्या नावाने करा. मंडळाचा अध्यक्ष म्हणून शिक्का मारून केला की ‘फक्त नागरिकालाच अधिकार’ हे कलम 3 पुढे येतं.

शुल्क 10 रुपये. राज्याच्या कार्यालयासाठी कोर्ट फी स्टँप सगळ्यात सोयीचा. रोख भरली तर पावती घ्या. केंद्राच्या कार्यालयात, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण वगैरे, कोर्ट फी स्टँप चालत नाही; तिथे पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज हाताने दिलात तर तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे शिक्का न मारण्याचं कारण होऊ शकत नाही. शिक्का आवक-जावकचा कारकून मारतो. तरी टोलवाटोलवी झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

मुदत 30 दिवस. एकोणतिसाव्या दिवशी ‘अमुक रुपये भरा’ असं पत्र येणं ही जुनी युक्ती आहे. प्रतींचा दर पानाला 2 रुपये; पत्रात हिशेब दिलेला असला पाहिजे. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर भरू नका, कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे दर 15 मिनिटांना 5 रुपये. नियमाप्रमाणे आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन बाहेर ठेवावं लागतं, तेव्हा पेन्सिल घेऊनच जा. आधी कार्यारंभ आदेश पाहा, मग एमबी. एमबीत लांबी, रुंदी आणि जाडी स्वतंत्र रकान्यांत असते. समजा बीएमचा, म्हणजे वरच्या कार्पेटखालच्या डांबर-खडीचा, 50 मिलिमीटरचा थर 1 किलोमीटर लांब आणि 3.75 मीटर रुंद दाखवला आहे: 1000 × 3.75 × 0.05 म्हणजे 187.5 घनमीटर. जागेवर टेप धरल्यावर रुंदी 3.5 मीटर आणि थर 30 मिलिमीटर भरला तर तो 105 घनमीटरच होतो. उरलेल्या 82.5 घनमीटरचं बिल निघालं आहे. थराची जाडी दिसते खड्ड्याच्या काठावर: माती झाडून, न भुरभुरलेल्या कडेला पट्टी उभी धरायची, वरचं कार्पेट आणि खालचा थर वेगळे ओळखू येतात. रुंदी एकाच जागी मोजून उपयोग नाही, दर 100 मीटरला मोजा. अर्थात हे आपलं मोजमाप, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी कलम 2(जे) खाली साहित्याचा प्रमाणित नमुना मागता येतो. तो वेगळ्या अर्जात मागा.

तारखाही बोलतात. डांबरीकरणाची नोंद ऐन जुलैतली असेल, काम पूर्णत्वाचा दाखला शेवटच्या मोजमापाच्या आधीचा असेल, किंवा एकाच साखळीवर दोन योजनांतून बिलं निघाली असतील, तर त्या पानांच्या प्रती पहिल्यांदा घ्या.

नकाराची कारणं मोजकीच असतात. ‘ठेकेदार त्रयस्थ पक्ष आहे’: कलम 11 खाली त्याचं म्हणणं विचारता येतं, पण त्याची नाराजी म्हणजे नकार नव्हे. ‘व्यापारी गुपित’ म्हणून 8(1)(डी) लावलं तर अपिलात लिहा की निविदा मंजूर होऊन सार्वजनिक पैशातून बिल दिलेलं आहे. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने 8(1)(जे) मधली वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट बरीच रुंद केली, त्यामुळे अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा सेवापुस्तक त्याच अर्जात घुसडू नका, सगळाच अर्ज त्यात अडकवतील. ‘अभिलेख सापडत नाही’ आलं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा उल्लेख करून अपिलात जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. त्या कायद्यात कैदेची तरतूद आहे, त्यामुळे हरवलेली एमबी कधीकधी कपाटातच सापडते.

प्रथम अपील 30 दिवसांत, जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टँप. बहुतेक वेळा अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला वरिष्ठ असतो, म्हणजे न्याय घरातल्या घरातच. तरी ही पायरी गाळता येत नाही. निर्णय 30 दिवसांत, फार तर 45. नंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे द्वितीय अपील, जोडपत्र ‘क’. कलम 18 ची तक्रार आणि कलम 19 चं अपील यांत गल्लत नको: तक्रारीवर दंड होऊ शकतो, माहिती द्यायचा आदेश मिळत नाही. कागद हवेत तर अपीलच. दंड दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये. आयोगात तारीख लागायला वर्ष उलटून जातं, हा त्या दंडाला मिळालेला सरकारी उतारा.

ठेकेदार गावातलाच वजनदार असेल तर एकट्याने अर्ज करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 2010 मध्ये खून झाला, हे विसरून चालणार नाही. वेगवेगळ्या गावांतल्या तिघांनी एकाच कामाचे वेगवेगळे कागद मागावेत आणि मिळालेल्या प्रती लगेच एकमेकांकडे ठेवाव्यात.

कागद हाती आले की दोषदायित्व कालावधी पाहा. तो कामाच्या प्रकारानुसार बदलतो, ग्रामसडक योजनेत 5 वर्षांचा असतो. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्यासाठीच त्याची अनामत अडकवून ठेवलेली असते. कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या: पूर्णत्वाची तारीख, कालावधी संपण्याची तारीख, साखळी क्रमांकासह खड्ड्यांची यादी, ‘दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये’, सोबत साक्षांकित प्रती. फोटो इथे जोडा, इथे ते कामाला येतात. खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवून दिलेली भरपाई वेगळी मागायची: मृताच्या वारसांना 6 लाख, जखमीला 50,000 ते 2.5 लाख रुपये. पत्र मात्र मार्चअखेरपर्यंत आवकला पडलं पाहिजे. मेअखेर दिलंत तर ‘पावसाळ्यात डांबरीकरण बंद’ म्हणून ते ऑक्टोबरपर्यंत पडून राहतं, आणि तेवढ्यात कालावधी संपतो.