फाट्यावर अपघात झाला तर बघ्यांना कामाला कसं लावायचं

उसाच्या हंगामात लातूर-धाराशिवकडच्या रस्त्यांवर मागं दिवा नसलेली ट्रॉली रात्री दिसतच नाही आणि दुचाकी जाऊन आदळते. पाच मिनिटांत तीसेक माणसं जमतात, पण हात कुणीच लावत नाही. प्रत्येकाला वाटतं, फोन कुणीतरी केलाच असेल.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हेच तपासलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज आपण एकटेच ऐकतोय, असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्केच. म्हणून गर्दीला भित्री म्हणून शिव्या घालू नका, काम वाटून द्या.

“अरे, कुणीतरी फोन करा” हे वाक्य वाया जातं. एकाकडं बोट दाखवा: “ओ निळ्या शर्टवाले दादा, १०८ ला फोन लावा. फाट्याचं नाव, किलोमीटरचा दगड आणि गाडी कुठल्या बाजूला पडलीय ते सांगा. फोन लागला की मला येऊन सांगा.” शेवटचं वाक्य विसरू नका, त्यानंच काम पुरं होतं. दुसऱ्याला मोबाईलचा टॉर्च लावून शंभरेक पावलं मागं पाठवा, नाहीतर मागून येणारी गाडी गर्दीतच घुसते. व्हिडिओ काढणाऱ्याला हटकून वेळ घालवू नका. टॉर्चचं काम त्यालाच द्या.

रक्त वाहत असेल तर घडी घातलेला स्वच्छ गमछा जखमेवर घट्ट दाबून धरा. भिजला तर काढू नका, वरून दुसरा ठेवा. पाणी पाजू नका. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर उचलू नका. मान वळली तर मणक्याला इजा होते. हेल्मेट ओढून काढू नका.

“पोलिसांचं लचांड मागं लागेल” ही भीती खरी अडवते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलं: सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याखालच्या नियमांप्रमाणं नाव सांगायची सक्तीही नाही. हे गर्दीत मोठ्यानं म्हणा.

गावात पारावर बसून आधीच ठरवा: जीप कुणाची, दोर कुणाकडं, फोन कोण करणार. प्रत्येक कामाला दोन नावं. रात्री मोबाईल बंद ठेवणाऱ्याचं नाव यादीत घालू नका, मग तो सरपंच का असेना.