ट्रेडमिलवरचा उंदीर खरंच दमला का? चाचणीतल्या या चुका टाळा

एम.फार्म.च्या प्रकल्पात एखाद्या वनस्पतीच्या अर्काने थकवा कमी होतो का हे पाहायचं असलं, की विस्टार रॅट (प्रयोगशाळेतले मोठे उंदीर) ट्रेडमिलवर चढतात, नाहीतर स्विस अल्बिनो माइस (छोटे पांढरे उंदीर) पाण्यात सोडले जातात. मिनिटं मोजली, सरासरी काढली, झालं. पण तोच उंदीर औषधाशिवाय परवा पुन्हा पळवला तर तेवढीच मिनिटं येतील का, हे फार थोडे जण तपासतात.

सराव न देता थेट चाचणी. सर्वात महागात पडणारी चूक हीच. पट्ट्यावर पहिल्यांदा ठेवलेला प्राणी घाबरतो, उलटा फिरतो, कोपऱ्याला चिकटतो. चौथ्या दिवशी तोच छान पळतो, कारण तो शिकलेला असतो. मधल्या दिवसांत औषध चालू असेल, तर शिकण्याचं श्रेय औषधाला जातं. तीन ते पाच दिवस, रोज दहा-पंधरा मिनिटं, कमी वेगाने सराव द्या. कंट्रोल गटालाही, म्हणजे औषध न दिलेल्या गटालाही, अगदी तेवढाच. मुळीच न पळणारे प्राणी सरावातच, गट पाडण्याआधी वगळा. निकाल दिसल्यावर कोणाला वगळणं ही फसवणूक आहे.

अमेरिकेत लॉरेन कोच आणि स्टीव्हन ब्रिटन यांनी जास्त पळणाऱ्या आणि कमी पळणाऱ्या रॅटचे दोन वेगळे वंश निवडीने तयार केले. त्यांनी प्रत्येक रॅटची पाच दिवस चाचणी घेतली आणि त्यातली सर्वोत्तम धाव धरली. मला ही पद्धत फार पटते. वाईट धावेला शंभर कारणं असतात, पण आपल्या कुवतीपलीकडे कोणी चुकून पळत नाही.

'दमला' म्हणजे काय, हे न ठरवणं. पट्ट्याच्या मागे शॉक ग्रिड, म्हणजे सौम्य विजेचा धक्का देणारी जाळी असते. तिच्यावर बसलेला उंदीर दमलेला असेल, किंवा सौम्य शॉक सोसायला शिकलेला असेल. सलग किती सेकंद ग्रिडवर बसला की चाचणी थांबवायची, ते आधीच लिहून ठेवा. पाच किंवा दहा, काहीही ठरवा, पण सर्वांना तेच. वेग वाढवत नेणाऱ्या चाचणीत थांबल्याबरोबर रक्तातलं लॅक्टेट (जोरदार श्रमात वाढणारा पदार्थ) पाहा. ते विश्रांतीच्या पातळीच्या आसपासच असेल, तर प्राण्याने नुसता नकार दिलाय. आणि थांबवणाऱ्याला गट माहीत नसावा.

आमच्याकडे एकदा ट्रेडमिलच्या दुसऱ्या कप्प्यातले रॅट नेहमी आधी थांबायचे. बऱ्याच दिवसांनी कळलं, की लघवी आणि लेंड्या साचून त्या ग्रिडचा शॉकच लागत नव्हता. प्रत्येक फेरीनंतर ग्रिड पुसा, कप्पे आलटून पालटून वापरा. पट्ट्यावर खूण करून दहा फेऱ्यांचा वेळ मोजा, म्हणजे पडद्यावरचा वेग खरा आहे का ते कळेल.

पोहण्याची चाचणी. माइस चटकन तरंगायला शिकतात, केसांत अडकलेली हवा त्यांना वर धरते. म्हणून शेपटीला वजनाच्या ५ ते १० टक्के भार बांधतात. पाणी गार असेल तर थकव्याआधी थंडीच त्यांना थांबवते. एका टाकीत अनेक सोडले तर ते एकमेकांवर चढतात. निवड माझ्या हाती असती तर मी ही चाचणी घेतलीच नसती. ती प्राण्याला जास्त छळते आणि कमी सांगते.

वेळ आणि माणूस. उंदीर निशाचर. सकाळी सगळा कंट्रोल गट आणि दुपारी सगळा औषध गट पळवला, तर तुलना औषधाची होत नाही, घड्याळाची होते. मे महिन्यात एसी बंद पडला तर चाचणी पुढे ढकला, रॅटला घामाने अंग गार करता येत नाही. हाताळणारी व्यक्तीही बदलू नका. पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो, हे २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं आहे.

दोन धावांमधला फक्त सहसंबंध पाहणं. औषध न दिलेले प्राणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा पळवा आणि प्रत्येकाचा फरक काढा. सगळेच दुसऱ्यांदा २० टक्के जास्त पळाले, तरी सहसंबंध १ च येतो. म्हणून सरासरी फरक आणि फरकांचा पसारा, दोन्ही बघा. हा पसारा तुम्हाला अपेक्षित असलेल्या परिणामाएवढा निघाला, तर प्राणी वाढवण्याआधी चाचणी दुरुस्त करा. ही दुहेरी धाव संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जाणाऱ्या अर्जातच लिहा, नंतर घुसवायला मंजुरी नसते.