ॲव्होकाडो-टोमॅटो सॅलड: या चुका टाळा, म्हणजे पाणी सुटणार नाही आणि गर काळा पडणार नाही

या सॅलडमध्ये चूक झाकायला जागाच नसते. शिजवणं नाही, मसाला नाही. ॲव्होकाडो, टोमॅटो, थोडा कांदा, लिंबू, मीठ, एवढंच. फळ कच्चं राहिलं किंवा मीठ भलत्या वेळी पडलं, तर पहिल्याच घासाला कळतं. बहुतेकांच्या तक्रारी दोनच असतात: तळाशी पाणी साचलं आणि ॲव्होकाडो काळा पडला. प्रमाण बदलून या तक्रारी मिटत नाहीत, कारण गडबड असते ती वेळेची.

दोघांसाठी प्रमाण असं धरा: 1 मध्यम ॲव्होकाडो, 2 मध्यम टोमॅटो, पाव कांदा, 1 मोठा चमचा लिंबाचा रस, 1 लहान चमचा ऑलिव्ह तेल, पाव लहान चमचा मीठ, मिरपूड आणि मूठभर कोथिंबीर.

आज आणला, आजच कापला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकायला लागतो. म्हणून दुकानातला टणक ॲव्होकाडो खराब नसतो, त्याची वेळ झालेली नसते. बाहेर ठेवला तर साधारण 3 ते 5 दिवसांत तयार होतो. घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर ठेवा. या फळांतून निघणारा इथिलीन वायू पिशवीत कोंडला जातो आणि पिकणं वेगाने होतं.

कच्चा ॲव्होकाडो फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत पिकणं अडतं आणि पुढे गर काळपट, दोरेदार होऊ शकतो. फ्रीजचा उपयोग पिकल्यावर: तिथे तो दोन-तीन दिवस तसाच थांबतो.

पिकलाय का ते रंगावरून ठरवताना जपून. हास जातीची साल हिरव्याची जांभळट-काळी होते, पण इतर बऱ्याच जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात. फळ तळहातावर घ्या आणि पूर्ण हाताने हलकेच दाबा. किंचित दबला की झाला. बोटाच्या टोकाने दाबलं तर त्या जागी आत काळा डाग पडतो, आणि तो नंतर तुमच्याच ताटात येतो. सॅलडसाठी फळ अगदी मऊ होण्याच्या जरा आधीच घ्यावं, म्हणजे फोडी आकार धरतात.

कापल्यावर कच्चा निघाला तर? दोन्ही भागांना लिंबू लावा, पुन्हा जोडा, घट्ट गुंडाळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत थोडा मऊ होईल, पण चव अर्धीच राहील. मायक्रोवेव्हमध्ये तो फक्त मऊ पडतो, पिकल्याची चव येत नाही. अशा दिवशी मी नुसतं टोमॅटोचं सॅलड करते. तेही चांगलं लागतं, आणि कच्च्या ॲव्होकाडोच्या तुरट, रबरी फोडींपेक्षा कितीतरी बरं.

साल काढायचीच आहे, मग धुवायचं कशाला?

धुवायचंच. सुरी सालीतून आत जाते आणि सालीवरचं सगळं गरापर्यंत नेते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत सालीच्या 17 टक्क्यांहून जास्त नमुन्यांत लिस्टेरिया जिवाणू सापडले होते. वाहत्या पाण्याखाली साल चोळून धुवा, पुसून कोरडी करा, मग कापा.

फळ हातात धरून कापू नका. विशेषतः बी काढायला तळहातावर अर्धा भाग ठेवून त्यात सुरी मारणं फार धोक्याचं आहे. बी गुळगुळीत असते, सुरी घसरते आणि थेट हातात घुसते. फळ बोर्डावर ठेवा, सुरी बीभोवती गोल फिरवा, दोन्ही भाग उलट दिशांना फिरवून वेगळे करा आणि बी चमच्याने उचला. पिकलेल्या फळातून ती सहज सुटते. चमच्याला दाद देत नसेल, तर फळ अजून तयार नाही.

पाणी का सुटतं

टोमॅटोत 94-95 टक्के पाणी असतं. मीठ लागलं की ते पेशींतून बाहेर खेचलं जातं. हे टाळता येणार नाही, पण कुठे आणि कधी होऊ द्यायचं ते आपल्या हातात आहे. सगळं एकत्र करून वरून मीठ घातलं तर पाणी सॅलडमध्येच सुटतं, ॲव्होकाडो त्यात भिजतो आणि पाच-दहा मिनिटांत बाऊलमध्ये हिरवट लगदा तयार होतो.

म्हणून टोमॅटोच्या फोडी आधी करा, त्यावर मीठ भुरभुरवा आणि चाळणीत 10-15 मिनिटं निथळू द्या. खाली वाटी ठेवायला विसरू नका. ते पाणी फेकून देणं मला पाहवत नाही! टोमॅटोच्या बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामिक आम्ल बाहेरच्या मांसल भागापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे खरी चव तिथेच. बिया काढून टाकून कोरडं सॅलड करायची युक्ती चवीच्या मुळावरच येते. वाटीतल्या रसाचे दोन चमचे घ्या, त्यात लिंबू, तेल, मिरपूड फेटा, झालं ड्रेसिंग. मीठ त्यात आलेलंच असतं, म्हणून वरून घालण्याआधी चाखा.

टोमॅटो फ्रीजमधला असेल तर त्याचा वासच हरवलेला असतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की आठवडाभर 5 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या टोमॅटोतली सुगंधी द्रव्यं घटतात आणि पुन्हा बाहेर ठेवल्यावरही पुरती परत येत नाहीत. पिकलेले टोमॅटो बाहेर ठेवा आणि वेळेत संपवा.

कांदा उग्र वाटत असेल तर पातळ चिरून 10 मिनिटं थंड पाण्यात ठेवा आणि नीट निथळून घ्या. ओला घातला तर तेच पाणी पुन्हा सॅलडमध्ये.

ॲव्होकाडो सगळ्यात शेवटी

टोमॅटो, कांदा, कोथिंबीर आणि ड्रेसिंग आधी एकत्र करा. ॲव्होकाडो वाढायच्या वेळीच कापा, फोडी जरा मोठ्या ठेवा आणि घातल्यावर तळातून वर असं दोन-तीनदाच हलक्या हाताने फिरवा. जास्त ढवळलं की कडा झिजतात आणि सगळ्यावर हिरवा लेप बसतो.

गर काळा पडतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. कापल्यावर पेशी फुटतात, त्यातलं एन्झाइम हवेच्या संपर्कात आलेल्या द्रव्यांवर काम करतं आणि तपकिरी रंग धरतो. लिंबाचं आम्ल आणि क जीवनसत्त्व हा वेग कमी करतात, पूर्ण थांबवत नाहीत. बी सॅलडमध्ये ठेवली की रंग टिकतो, हे खरं नाही. बी फक्त तिच्याखालची जागा हवेपासून झाकते. उरलेल्या अर्ध्या ॲव्होकाडोला लिंबू चोळा, क्लिंग फिल्म गराला अगदी चिकटवून लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. अख्खा ॲव्होकाडो पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती मात्र करू नका. सालीवरचे जिवाणू पाण्यात वाढू शकतात आणि गरापर्यंत पोचू शकतात.

तेलाची धार

पौष्टिक म्हणून केलेल्या सॅलडवर सढळ हाताने तेल ओतलेलं मी फार वेळा पाहिलंय. 100 ग्रॅम ॲव्होकाडोत जवळपास 15 ग्रॅम स्निग्धांश आणि 160 कॅलरी असतात. तो स्निग्धांश चांगला आहे, बराचसा ऑलिव्ह तेलात असतो त्याच प्रकारचा. त्यावर एक मोठा चमचा तेल म्हणजे आणखी 120 कॅलरी. एक लहान चमचा वासापुरता पुष्कळ झाला.

उलट, चरबी टाळायची म्हणून ॲव्होकाडोच कमी करू नका. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, स्निग्धांशाबरोबरच शरीरात नीट शोषलं जातं. 2005 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात टोमॅटोच्या साल्सात ॲव्होकाडो घातल्यावर लायकोपीनचं शोषण 4 पटींहून जास्त वाढलेलं दिसलं. ही जोडी एकत्र खाण्यात खरा फायदा आहे.

लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या काहींना ॲव्होकाडोही सोसत नाही. मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम मोजून घ्यावं लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ॲव्होकाडो जास्तच पिकला असेल तर? खवट वास येत असेल तर टाकून द्या. वास चांगला आहे, नुसताच मऊ झालाय, तर फोडींचा हट्ट सोडा. काट्याने कुस्करा, टोमॅटोच्या निथळलेल्या रसात आणि लिंबात फेटा, आणि तेच दाट ड्रेसिंग टोमॅटो-कांद्यावर घाला. त्या दिवशी तेल लागतच नाही.