एअरबॅग वेस्ट घ्यायचं का? आधी दिवसातून किती वेळा गाडीवरून उतरता ते मोजा

धुळे-जळगाव नव्वदेक किलोमीटर, आठवड्यातून दोनदा तरी माझं बाईकवर जाणं-येणं होतं. पहिल्यांदा एअरबॅग वेस्ट, म्हणजे गाडीवरून पडताना फुगून छाती-पाठ वाचवणारं बिनबाह्यांचं जॅकेट, घालून निघालो तेव्हा गल्लीतल्या आबांनी हटकलंच, "हाई काय घालेल शे रे भो, पव्हाले चालना का?" दिसतं खरं तसंच, होडीतल्या लाइफ जॅकेटसारखं. तेव्हापासून भेटेल तो विचारतो की घेऊ का, आणि लगेच पुढचा प्रश्न केवढ्याला पडलं. किमतीचं राहू द्या, त्याच्या आधी विचारायचं दुसरंच आहे.

आधी हे चालतं कसं ते. दोन प्रकार आहेत. एक दोरीवालं, म्हणजे वेस्टला एक टेदर (बांधायची दोरी) असतो, त्याचं दुसरं टोक गाडीच्या फ्रेमला किंवा सीटखाली बांधलेल्या पट्ट्याला क्लिप करायचं, तुम्ही गाडीवरून फेकले गेलात की दोरी ताणली जाते, आतली पिन सुटते, छोट्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडरला भोक पडतं आणि त्या गॅसने वेस्ट फुगतं. दुसरं इलेक्ट्रॉनिक, त्यात दोरी नाही, सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा तुमची हालचाल मोजतात आणि आता हा पडतोय असं वाटलं की फुगवतात. मोटोजीपी या बाईक रेसिंगमध्ये २०१८ पासून रेसरना एअरबॅग सक्तीचा आहे तो या दुसऱ्या प्रकारचा. दोरीवालं तर घोडेस्वारही घालतात बरं का, तिथे टेदर खोगिराला अडकवतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पुढच्या वेळी कोणी घालून आला तर नवल वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. दोरीवालं वेस्ट घ्यायचं असेल तर पैसे मोजण्याआधी आठवडाभर एक उद्योग करा. शिवणकामाचा साधा सुती दोरा घ्या (नायलॉन नको, तो तुटणार नाही आणि तुम्हीच पडाल), एक टोक पँटच्या लुपला, दुसरं गाडीच्या सीटच्या पट्ट्याला, आणि रोजच्यासारखे फिरा. उतरायच्या आधी दोरा सोडायचा. संध्याकाळी मोजायचं की किती वेळा विसरलात आणि दोरा तुटला. माझा एक मित्र औषधांच्या दुकानांना माल पोचवतो, दिवसात तीसेक वेळा उतरतो-चढतो, पहिल्याच दिवशी अकरा वेळा दोरा तुटला, दुसऱ्या दिवशी कंटाळून त्याने बांधलाच नाही. त्याच्यासाठी दोरीवालं वेस्ट म्हणजे महिन्याभरात खुंटीला लटकणार. मी मात्र एकदा धुळ्यात बसलो की पारोळ्याला चहाला उतरतो आणि मग थेट जळगाव, मला त्रास नाही.

विसरलात म्हणून लगेच फुगतं असं नाही. पिन सुटायला साधारण २०-३० किलोचा जोर लागतो, कंपनीप्रमाणे कमी-जास्त, त्यामुळे हळू उतरलात तर फक्त मागे ओढल्यासारखं होतं आणि आठवण येते. पण घाईत उडी मारून उतरलात तर गेलं. माझं झालंय ते, पेट्रोल पंपावर, पाऊस सुरू झाला म्हणून टाकी भरल्या-भरल्या शेडकडे पळायला निघालो आणि फटाक्यासारखा आवाज झाला, रांगेतली सगळी माणसं मागे सरकली आणि मी मधोमध टम्म फुगून उभा! वेस्टला काही झालं नाही, हवा आपोआप उतरली, पण सिलेंडर गेलं आणि नवीन यायला बारा दिवस लागले. म्हणून वेस्टबरोबरच दोन जास्तीची सिलेंडर घ्या, आणि त्याच वजनाची, कारण साइझप्रमाणे सिलेंडर बदलतं. दबावाखालचा गॅस असल्यामुळे ते साध्या पार्सलसारखं कुठूनही कसंही पाठवता येत नाही, विमानात न्यायचं तर आधी एअरलाइनला विचारावं लागतं. दुकानदाराला वेस्टच्या डिस्काउंटआधी सिलेंडर किती दिवसांत मिळेल ते विचारा.

मग तुम्ही म्हणाल इलेक्ट्रॉनिकच घेऊ, दोरीची झंझटच नको. घ्या, पण आठवणीने चार्ज करावं लागेल, मोबाईल चार्ज करायला विसरणारा माणूस हे कसं लक्षात ठेवणार ते तुमचं तुम्ही बघा. काही कंपन्या सबस्क्रिप्शन घेतात, हप्ता थांबला की वेस्ट नुसतं जाड जॅकेट. काहींना फुगल्यानंतर सर्व्हिसला पाठवावं लागतं. आणि केळीच्या बागेत जाणारे कच्चे रस्ते, मातीचे बांध, असं तुमचं रोजचं असेल तर ऑफरोडला चालतं का ते आधी मॅन्युअलमध्ये वाचा, सगळी चालत नाहीत.

इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा वेळेचा आहे, आणि हे गणित बहुतेक जण करत नाहीत. दोरीवालं फुगायला साधारण ०.१ सेकंद लागतो, तेही दोरी पूर्ण ताणली गेल्यावर. ताशी ६० ला माणूस एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदात पावणेदोन मीटरच्या आसपास. आता रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर आली आणि सरळ मागून धडकलात, तर तुमच्या छातीत आणि ट्रॉलीच्या फळीत तेवढं अंतर बऱ्याचदा नसतंच. वेस्ट फुगेल, पण उशिरा. ८० ला हेच अंतर सव्वादोन मीटर. सेन्सरवाल्यांना दोरी ताणायची वाट बघावी लागत नाही म्हणून तिथे ती पुढे असतात. उलट गाडी घसरून किंवा कोणी बाजूने ठोकून तुम्ही उडून रस्त्यावर किंवा कठड्यावर आदळणार असाल, कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर होतं तसं, तिथे दोरीवालंही वेळेत फुगतं. त्यामुळे तुमच्या रस्त्यावर भीती कशाची आहे ते आधी ठरवा.

वाचवतं काय? छाती, बरगड्या, पाठीचा कणा, आणि मानेभोवती फुगून डोकं जास्त मागे-पुढे फेकलं जाऊ देत नाही. हात, पाय, गुडघे, काही नाही. डांबरावर घासलात तर कातडीही वाचत नाही, त्याला जॅकेट-पँटच लागतात. म्हणून माझा क्रम सरळ आहे, आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट, मग ग्लोव्हज, घोट्यावर येणारे बूट, जॅकेट, आणि हे सगळं असेल तर वेस्ट. अर्ध्या हेल्मेटवर एअरबॅग वेस्ट घातलेला एक जण मी बघितलाय, त्याला काय बोलावं सुचलंच नाही. कायद्यातही हेल्मेटचीच सक्ती आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, वेस्टची नाही.

स्वस्तातलं ऑनलाइन दिसलं तर आतलं लेबल बघा. दोरीवाल्याला ईएन १६२१-४ हे युरोपातलं स्टँडर्ड आहे, त्यात दोन लेव्हल, दोन नंबरची जास्त चांगली कारण धक्का शरीरापर्यंत कमी पोचतो. नुसतं सीई (युरोपातला मार्क) लिहिलंय आणि हा नंबर नाही तर मी सोडून देतो.

आता ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या पुढे पारा जातो हे तुम्हाला काय सांगायचं, आणि त्यात हे वेस्ट. दुपारी बारा ते चार मला जमत नाही, प्रामाणिकपणे. मी जाळीचं जॅकेट आत आणि वेस्ट वर घालतो, पहाटे पाचला निघतो आणि दुपारचं काम असेल तर एसटीने जातो. दोरीवालं बहुतेक जॅकेटच्या वरूनच घालायचं असतं, आत घालायचं मॉडेल असेल तर वरचं जॅकेट सैल पाहिजे, नाहीतर फुगताना जागा नसते आणि तुमच्याच बरगड्या आवळल्या जातात. तसंच पाठीवर सॅक नको, फुगणारी पिशवी तिच्याखाली अडकते. डबा, लॅपटॉप, जे काय असेल ते मागच्या बॅगेत टाका. सिलेंडर लावलेलं वेस्ट भर उन्हात गाडीवर टाकून जेवायला जाऊ नका, सोबत आत घेऊन जा, लोक बघतात तर बघू दे.

टेदर बांधताना फूटरेस्टवर उभं राहून बघा, ताणली जात असेल तर लांबी वाढवा, खड्ड्यात उभं राहायची सवय असते आपल्याला. लोंबकळून चाकात जाईल एवढी लांबही नको. मागे बायको किंवा भाऊ बसत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं वेस्ट आणि वेगळा टेदर, एकाच पट्ट्याला दोन क्लिप लावल्या की उतरताना हमखास चुकीची सुटते. आमच्याकडे माझी क्लिप लाल, बायकोची पिवळी, आणि तीच आधी उतरते.