कामाची व्हॅन रोजच्या वापराला सुखाची कशी करावी

कामाच्या व्हॅनवर चार पैसे खर्च करायचे ठरले की बहुतेक जण आधी स्पीकर आणि रंगीत दिव्यांच्या पट्ट्या बघायला जातात. मग पाठ घामाने सीटला चिकटलेली आणि मागे डब्यांचा खडखडाट चालू, अशा अवस्थेत तीच गाणी ऐकत वर्ष काढतात. क्रम उलटा हवा: आधी बसण्याची जागा, मग ऊन आणि आवाज, मग हत्यारांची मांडणी, त्यानंतर वीज, आणि हौस सगळ्यात शेवटी. पुढचे सारे विवेचन सांगली परिसरात मोटरपंप, ठिबक आणि फवारणी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी फिरणाऱ्या कारागिराची ईकोसारखी छोटी व्हॅन डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्यांना त्यातला केबिनपुरता भाग तसाच लागू पडेल. आपल्या जिल्ह्याची एक अडचण अशी की, पश्चिमेला शिराळ्याकडे पावसाची ओल आणि पूर्वेला जतकडे धूळ, आणि एकाच गाडीला एकाच आठवड्यात दोन्ही सोसावे लागते.

हात घालण्यापूर्वी आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, काढून वाचावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून सीट काढणे किंवा वाढवणे, छत कापून झडप बसवणे, पत्र्याला खिडकी पाडणे हे विषय बाजूला ठेवावेत. (छत कापलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात गळते, हे कायद्याबाहेरचे कारणही पुरेसे आहे.) आतली प्रत्येक वस्तू नट-बोल्टने बसवावी आणि पान्याने सुटी करता यावी, असा नेम ठेवला की बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. मालवाहू परवान्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे आरटीओची योग्यता तपासणी, करून घ्यावा लागतो. त्या वेळी सगळे सामान तासाभरात उतरवता आले पाहिजे.

आता सीट. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे उन्हाळ्यात वरून ऊन आणि खालून धग अशी दुहेरी भाजणी होते. सीट उचलून खालचे मूळ उष्णतारोधक आच्छादन फाटले किंवा निसटले आहे का ते पाहावे आणि फाटले असेल तर तसेच नवे बसवावे. सीटच्या तळाशी जास्तीचा थर द्यायचा झाल्यास उष्णता सोसणाऱ्या, न पेटणाऱ्या साहित्याचाच द्यावा आणि तो कायमचा चिकटवू नये, कारण इंजिनाच्या कामासाठी तीच सीट पुन्हा उचलायची असते. गाडी चार-पाच वर्षांची झाली की सीटचा फोम बसकण मारतो आणि चालक नकळत एका बाजूला कलून बसू लागतो. कुशनवाल्याकडून ४० डेन्सिटीचा फोम भरून घ्यावा. त्याहून मऊ फोम दुकानात बसून पाहताना सुखाचा वाटतो, पण दोन तासांनी खालची चौकट टोचते. कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा आधार द्यावा. रेक्झिनऐवजी जाड सुती कव्हर किंवा लाकडी मण्यांची जाळी घ्यावी, मात्र तिच्यामुळे सीटबेल्टचे कुलूप झाकले जाऊ नये. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकावे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा, अशी सीटची जागा ठरवून घ्यावी. माझ्या मते साऱ्या खर्चात सर्वांत आधी परत मिळणारा खर्च हाच.

उष्णतेसाठी छताकडे आधी लक्ष द्यावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत बराच ताप तिथून उतरतो. छताचे आतले आवरण काढून पत्रा थिनरने पुसावा आणि बंद छिद्रांचा नायट्राइल रबर फोम, साधारण १० मिलिमीटर जाडीचा, सांध्यात फट न ठेवता चिकटवावा. थर्माकोल वापरू नये. तो गाडीच्या हादऱ्यांनी झिजून कुरकुरतो आणि त्याचा चुरा सर्वत्र पडतो. काचांना काळी फिल्म लावण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून काळ्या फिल्मवर कारवाई होते. त्यापेक्षा गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावावा आणि दारांना रेनगार्ड (काचेवरची पाऊस अडवणारी पट्टी) बसवून काचा दोन बोटे खाली ठेवाव्यात, म्हणजे पावसातही कोंडलेली हवा बाहेर पडते.

आवाजाचे काम त्याच वेळी उरकावे. मागच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जावे. जिथे डब्यासारखा घुमणारा आवाज येतो, त्या भागाच्या मध्यावर ब्युटाइल रबराची शीट रोलरने दाबून बसवावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते, एकूण क्षेत्राचा चौथा हिस्सा झाकला तरी पत्र्याचा थरथराट बराच थांबतो. खरे तर गाणी नीट ऐकू यावीत यासाठी मोठ्या स्पीकरपेक्षा याचा उपयोग अधिक होतो. शीट लावताना दारांच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाची पाणी निथळण्याची छिद्रे बुजवू नयेत. ती बुजली की शिराळ्याच्या पावसाचे पाणी आत साठून पत्रा आतूनच गंजतो. धुळीसाठी मागच्या दाराची रबरी बीडिंग तपासावी. दारात कागदाची पट्टी अडकवून दार बंद करावे. पट्टी ओढल्यावर अलगद निघून आली, तर त्या जागेची बीडिंग बदलायला झाली आहे.

हत्यारांच्या मांडणीत सुतारकाम करण्याआधी आठवडाभर फक्त निरीक्षण करावे. दिवसातून अनेकदा लागणारी वस्तू कोणती, आठवड्यातून एकदा लागणारी कोणती आणि नुसतीच ओझे म्हणून फिरणारी कोणती, हे कागदावर लिहिले की निम्मे रॅक बांधण्याची गरजच उरत नाही. पाने, पक्कड, टेस्टर आणि टेफ्लॉन टेप मागचे दार उघडताच उभ्याने हाताला लागले पाहिजेत; ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट आणि टेक-ऑफ झाकणाच्या पारदर्शक डब्यांत वरच्या कप्प्यात; मोटरचे सुटे भाग आणि व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा) खाली, मागच्या चाकांच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंना वजन सारखे वाटले जाईल असे. रॅकसाठी १२ मिलिमीटरचा ओल सोसणारा प्लायवूड पुरतो. आठ बाय चारचा तसा एक तक्ता सुमारे वीस किलोंचा भरतो, म्हणून १८ मिलिमीटरचा मोह टाळावा. ते वजन गाडी रोज वाहणार आणि त्याचे इंधन आपण भरणार. कापलेल्या कडांना टचवूड (लाकडाचे पॉलिश) किंवा ऑइलपेंट दिल्याशिवाय तक्ता बसवू नये. चालकाच्या पाठीमागे लोखंडी जाळीचे विभाजन मात्र आवश्यकच आहे. अचानक ब्रेक मारावा लागला की मागचा दहा किलोंचा व्हाइस गाडीच्याच वेगाने पुढे येतो. अशी जाळी कुपवाड एमआयडीसीतला कोणताही फॅब्रिकेटर मापाने करून देईल. सीएनजीची गाडी असल्यास टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल इतकी जागा मोकळी ठेवावी, गॅसच्या नळीच्या मार्गात ड्रिल चालवू नये आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी लक्षात घेऊनच रॅक सुटा होईल असा बांधावा. जिथे पत्र्याला छिद्र पाडणे अटळ असेल, तिथे कडेला लगेच झिंक प्रायमर लावावा.

विजेचे काम करताना आधी वॉट मोजावेत. एक पंखा १५ वॉट, दोन एलईडी मिळून १० वॉट आणि मोबाइल चार्जर २० वॉट धरला तर एकूण ४५ वॉट होतात. १२ व्होल्टवर ते पावणेचार अँपिअरच्या आसपास येतात आणि इंजिन बंद ठेवून तीन तास चालवल्यास सुमारे ११ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचे माप) खर्च होतात. छोट्या व्हॅनची बॅटरी ४० अँपिअर-अवरच्या घरात असते आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. उभ्या गाडीतल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.२ च्या खाली जाऊ लागला, तर पंखा बंद करण्याची वेळ झाली असे समजावे. रोजचा वापर याहून जास्त असेल तर सामानासाठी वेगळी लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्यावी आणि ती अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून) डीसी-डीसी चार्जरमार्फत भरावी. व्हॅनमध्ये इन्व्हर्टर लावून ग्राइंडर चालवण्याची कल्पना आकर्षक असली तरी ७०० वॉटचे ग्राइंडर बॅटरीकडून ६० अँपिअरहून अधिक ओढते. स्वतःची बॅटरी असलेले ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन त्यांच्या बॅटऱ्या वाटेत चार्ज करणे सोपे आणि स्वस्त पडते. जादा वस्तूंसाठी मूळ वायरिंगला जोड न देता बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र लाइन काढावी, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट वापरावे. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदरांपासून वाचवण्यासाठी वायर नागमोडी पाइपमधूनच न्यावी. नदीकाठी गाडी लागत असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून जादा बॅटरी, फ्यूजबॉक्स आणि चार्जर फरशीवर न ठेवता जमेल तितक्या उंच बसवावेत.

हौशीच्या भागात माझी पहिली पसंती पाण्याला आहे. मागच्या दाराजवळ तोटीचा दहा लिटरचा कॅन आणि साबणाची डबी पट्ट्याने घट्ट बांधावी. ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणी जोरात असते आणि ब्लोअर किंवा फवारणी पंप दुरुस्त केलेल्या हातांनी भाकरी मोडणे धोक्याचे आहे. त्यानंतर, टेलिस्कोपिक चॅनेलवर बाहेर सरकणारी एक फळी करावी, जी कामाच्या वेळी टेबल आणि दुपारी डबा ठेवायची जागा होते; प्रवासात ती आपोआप सरकू नये म्हणून तिला कडी हवी. वर उघडणाऱ्या मागच्या दाराला दोन हुक लावून ताडपत्री ताणली की रानात आयती सावली मिळते. पाय पसरायला रबरी मॅट आणि गुंडाळून ठेवता येणारी सतरंजी पुरते. चहासाठी थर्मास ठेवावा. गाडीत शेगडी पेटवू नये आणि इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये, कारण वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. भडंगाची बरणी समोरच्या कप्प्यात ठेवली तर झाकण फिरकीचे असावे, नाहीतर खड्ड्यात गेलेले चाक सगळा भडंग पायाखाली पसरवते.

सारे बसवून झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळावा, खाली स्प्रिंग वॉशर नसल्यास तो घालावा, आणि पावसाळा संपताच रबरी मॅट उचलून खालची फरशी दिवसभर उन्हात उघडी ठेवावी.