वाहणारा कान घरी कोरडा कसा करावा

मुलाचा कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत असेल, तर ‘मोठे झाले की आपोआप थांबेल’ असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. कानाच्या पडद्याला भोक पडल्यावर आवाज आतल्या तीन हाडांच्या साखळीपर्यंत नीट पोचत नाही. पू वर्षानुवर्षे येत राहिला, तर ही हाडेही झिजतात आणि त्यांतल्या ऐरण-हाडाचे लांब टोक बहुधा आधी जाते. नीट ऐकू न आल्याने मूल वर्गात शिक्षकांचे ऐकण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहू लागते आणि घरचे त्याला ‘लक्ष नसते’ म्हणून रागावतात.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा आणि मगच घरची देखभाल सुरू करावी.

खरा कस लागतो तो वातीने पू टिपण्यात. माझाही हात यात बसायला वेळ लागला. वात देवकापसाची नको, कारण कच्च्या कापसावरील नैसर्गिक मेणामुळे तो पाणी शोषतच नाही. धुऊन, उकळून, कडक वाळवलेल्या जुन्या सुती कापडाची बारीक पट्टी घेऊन तिला पीळ द्यावा. टोक मऊ, पण न लोळणारे हवे. मोठ्या माणसाची कानाची पाळी वर-मागे ओढावी, लहान बाळाची खाली-मागे. अडेल तिथे वात थांबवावी, मिनिटभर ठेवावी, ओली झाली की टाकून नवी घालावी. शेवटची वात कोरडी निघेपर्यंत हे करत राहावे. एकाच वातीवर भागवणारे लोक पुढे औषधाला दोष देतात; पण पुवाने भरलेल्या कानात थेंब आत पोचणार तरी कसे? हे दिवसातून किमान तीनदा करावे. कानात काडी, केसाची पिन किंवा इअरबड कदापि घालू नये. लसूण घालून कढवलेले तेलही नको: पडद्याला भोक असताना ते थेट मध्यकर्णात उतरते.

त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब मुठीत धरून कोमट करावेत, कारण गार थेंबांनी चक्कर येते. मुलाला कुशीवर निजवून थेंब घालावेत आणि कानाच्या छिद्रापुढचा कूर्चेचा उंचवटा चार-पाच वेळा दाबावा. घरात उरलेली जुनी बाटली वापरू नये. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब भोकातून आत गेल्यास अंतर्कर्णाला इजा करू शकतात, आणि त्यातून आलेला बहिरेपणा शस्त्रक्रियेने भरून येत नाही.

अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवावा. पोहणे बंद.

कान कोरडा झाला म्हणजे भोक बुजले असे नव्हे, म्हणून त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, अवश्य काढावा. त्यात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातला फरक कळतो, आणि पडदा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टीचा, विचार त्यावरून करता येतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी होते.

पू थोडा पण दुर्गंधीयुक्त असेल, कानामागे सूज आली, भोवळ आली, किंवा चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर वाती-थेंब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.